घाटातला झोका

“घरात चारचाकी आहे, तिच्यात एसी आहे. तरी उन्हातान्हात दोन चाकांवर बसून कोकणात जायचं आणि पाठ धरून परत यायचं. यात मजा कसली?” हा प्रश्न मला आधी आईने विचारला, मग सासूबाईंनी. मोटरसायकलवर भटकणाऱ्या प्रत्येकाच्या घरात तो कुणीतरी, कधीतरी विचारतंच. त्यावर बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं: “ते सांगून कळत नाही, चालवल्यावर कळतं.”

मला हे उत्तर कधीच पटलं नाही. पुरणपोळी का फाटली आणि का मऊ झाली, हे करणाऱ्या हाताला सांगता येतं. तसंच एखादी राइड का रंगली आणि दुसरी का फसली, हेही सांगता येतं. त्या आनंदाचा काही भाग आपल्या कानात आहे, काही टायरमध्ये आणि बराचसा सह्याद्रीच्या दगडात. एकेक करून पाहू. या प्रकरणात ‘गाडी’ म्हणजे मोटरसायकल. पुण्यात तशीही गाडी म्हणजे दुचाकीच.

१. शरीराला वेग कळत नाही

मजा वेगात असते असं सगळे धरून चालतात. पण वेग मोजण्याचं साधन शरीराला दिलेलंच नाही. मुंबईत घरात बसलेला माणूस पृथ्वीबरोबर तासाला सुमारे १,५८० किलोमीटर वेगाने फिरत असतो आणि त्याच्या कपातल्या चहावर साधा तरंगही उठत नाही. विमानातही तसंच. आकाशात एकदा सरळ लागल्यावर आपण हललेलोही नाही असं वाटतं. जाणवतं ते उडताना, उतरताना आणि वळताना.

याचं कारण कानाच्या आत आहे. तिथे द्रवाने भरलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. पाण्याने भरलेली कळशी झटकन फिरवली तर कळशी फिरते, पण आतलं पाणी क्षणभर मागे राहतं. डोकं वळलं की त्या नलिकांमधला द्रव असाच मागे राहतो आणि ‘आपण वळतोय’ ही बातमी मेंदूला जाते. शेजारीच बारीक खड्यांचा थर असलेल्या दोन इवल्या पिशव्या असतात. आपण वेग घेतला, ब्रेक दाबला किंवा कललो, तर ते खडे सरकतात आणि तीही बातमी पोचते. मात्र वेग एकसारखा असेल आणि रस्ता सरळ, तर नलिका गप्प आणि खडेही गप्प.

आता महामार्गावरचा सरळ पट्टा आठवा. ताशी १०० चा काटा पहिली दहा मिनिटं थरारक वाटतो. मग शरीर त्याला सरावतं. उरतो फक्त वाऱ्याचा आवाज आणि मनगटातल्या मुंग्या. मग माणूस आणखी वेग घेतो, पुन्हा दहा मिनिटं बरं वाटतं, पुन्हा सरावतो. याउलट घाटात ताशी ४० ने जाणाऱ्याला दर काही सेकंदांनी नवी बातमी मिळत असते: डावीकडे, सरळ, उजवीकडे, थोडं हळू, पुन्हा वर. काटा निम्म्याहून खाली आणि अनुभव दुप्पट. वेगापेक्षा वेगातला आणि दिशेतला बदल सुख देतो, एवढं ध्यानात ठेवलं की पुढचं सगळं सोपं आहे.

२. एसटीत मळमळतं, मोटरसायकलवर का नाही?

पण बदलच सुख देत असेल, तर घाटात एसटीच्या मागच्या बाकावर बसलेल्यांना सुखच सुख व्हायला हवं. प्रत्यक्षात त्यांना बस लागते. वळणं तीच, घाट तोच. मग फरक कुठे पडतो?

बस वळते तेव्हा तिची जमीन साधारण आडवीच राहते. आपलं शरीर सरळ जाऊ पाहतं आणि बस बाजूला जाते, म्हणून आपण खिडकीवर किंवा शेजाऱ्यावर आदळतो. आता झाडाला बांधलेला झोका आठवा. झोका कितीही उंच गेला तरी आपण फळीवरून बाजूला घसरत नाही, कारण फळी दोरीबरोबर कलते. सगळा जोर फळीतूनच जातो आणि आपण तिच्यावर किंचित दाबले जातो. झोका सर्वात खाली येतो तेव्हा पोटात होतं ते सुख याच दाबाचं.

मोटरसायकल वळणात कलते तेव्हा अगदी हेच घडतं. गाडी आणि माणूस दोघेही वळणाच्या आत झुकतात, जोर सीटमधून सरळ खाली जातो, आणि माणूस बाजूला न फेकला जाता सीटवर थोडा रुततो. किती रुततो? गाडी २३ अंश कलली तर ७० किलोचा माणूस सीटला ७६ किलोचा वाटतो. ३० अंशांना ८१ किलोचा. मग गाडी सरळ होते, माणूस पुन्हा ७० किलोचा होतो, आणि पुढच्या वळणाला उलट बाजूला झुकून पुन्हा जड होतो. जड, हलका, जड, हलका. चांगल्या घाटरस्त्यावर हा झोका अर्धा-पाऊण तास चालू राहतो.

लहानपणी नागपंचमीच्या झोक्यावर जे सुख होतं, ते मोठेपणी इतक्या सहज दुसऱ्या कशात मिळाल्याचं मला माहीत नाही. आईच्या प्रश्नाचं माझं पहिलं उत्तर हे.

३. शंभर रुपयांचा हिशोब

या झोक्याला पैसे पडतात आणि ते टायर देतो. गाडीचे दोन्ही टायर मिळून रस्त्याला जेवढे टेकलेले असतात, तो भाग दोन तळहातांएवढा असतो. वळणं, थांबणं, वेग घेणं हे सगळं तेवढ्या जागेच्या पकडीवर चालतं. ती पकड म्हणजे खिशातले १०० रुपये समजा. चांगला टायर, कोरडं स्वच्छ डांबर असेल तर पूर्ण १००. ओल्या डांबरावर ६०-७०. सुट्या खडीवर त्याहून कितीतरी कमी.

आता एक वळण घेऊ. ते पूर्ण गोल फिरवलं तर त्या गोलाच्या मध्यापासून कडेपर्यंत ३० मीटर अंतर भरेल, म्हणजे घाटातलं बऱ्यापैकी घट्ट वळण. ते ताशी ३० ने घेतलं तर फक्त वळण्यासाठी २४ रुपये लागतात आणि गाडी १३ अंश कलते. ४० ने घेतलं तर ४२ रुपये आणि २३ अंश. ५० ने घेतलं तर ६६ रुपये. ६० ने घेतलं तर ९४ रुपये आणि ४३ अंश. वेग ४० चा ६०, म्हणजे दीडपट झाला, पण खर्च सव्वादोन पट झाला. वळणाचा खर्च वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग दुप्पट तर खर्च चौपट.

६० ने त्या वळणात शिरलेल्या माणसाच्या खिशात ६ रुपये उरलेत. पलीकडे रस्त्यावर म्हैस बसलेली असेल, डंपरमधून सांडलेली खडी असेल, तर ब्रेकला द्यायला त्याच्याकडे काही नाही. पावसात तर ५० नेच खिसा रिकामा होतो. ४० ने शिरलेल्याकडे कोरड्यात अर्ध्याहून जास्त शिल्लक आहे. ब्रेक वळणाच्या आधी सरळ रेषेत मारून घ्यावा, वळणात नाही, असं जुने चालवणारे सांगतात ते याच हिशोबाने: एकाच वेळी दोन दुकानांत खर्च करायचा नाही. ब्रेक दाबल्यावर चाक अडकू न देणारं एबीएस इथे मदत करतं, १२५ सीसीच्या वरच्या सर्व नव्या गाड्यांना ते एप्रिल २०१९ पासून सक्तीचंही आहे, पण एबीएस खिशात नवे पैसे घालत नाही. आहेत ते उधळू देत नाही, एवढंच त्याचं काम.

आणि ४० ऐवजी ५० ने जाऊन वाचतं काय? ३० किलोमीटरचा घाट ४० च्या सरासरीने ४५ मिनिटांत होतो, ५० च्या सरासरीने ३६ मिनिटांत. वाचली ९ मिनिटं. एक चहा होतो तेवढ्यात.

मग २० नेच का जाऊ नये? सगळे पैसे खिशात राहतील. खरं आहे, पण झोकाही राहणार नाही. हंगेरियन वंशाचे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मिहाय चिकसेंटमिहाय यांनी १९९० च्या ‘फ्लो’ या पुस्तकात एका साध्या निरीक्षणाची सविस्तर मांडणी केली आहे. काम आपल्या कौशल्याच्या मानाने फार सोपं असेल तर कंटाळा येतो, फार अवघड असेल तर भीती वाटते, आणि दोन्ही जुळलं की माणूस त्यात बुडून जातो, वेळेचं भान सुटतं. चांगली राइड त्या मधल्या पट्ट्यात होते. माझा अनुभव असा की खिशात साधारण निम्मे पैसे उरलेले असताना हात मोकळे असतात, खांदे सैल असतात, दरीतलं धुकं दिसतं, करवंदाच्या जाळीचा वास येतो. शिल्लक कमी झाली की नजर आखडते आणि समोरच्या डांबरापलीकडे काही दिसेनासं होतं. ती शिल्लक फक्त सुरक्षिततेसाठी नाही. मजा त्या शिलकीतूनच मिळते.

४. झाडू आणि हँडल

एक प्रयोग घरी करा. लांब दांड्याचा झाडू तळहातावर उभा धरा. आता तो डावीकडे झुकवायचा असेल तर तळहात कुठे न्याल? उजवीकडे. खालचा आधार उजवीकडे गेला की वरचा भाग डावीकडे कलतो.

मोटरसायकल हा असाच उभा झाडू आहे. डावीकडे वळायचं तर आधी तिला डावीकडे कलवायला हवं, आणि त्यासाठी चाकं क्षणभर उजवीकडे जायला हवीत. म्हणजे डाव्या वळणासाठी हँडल आधी किंचित उजवीकडे! ऐकायला वेडेपणा वाटतो, पण सायकल चालवणारं प्रत्येक मूल नकळत हेच करतं. विमान बनवणाऱ्या राइट बंधूंचा आधीचा धंदा सायकलींचा. त्यांच्यापैकी विल्बर यांनी कितीतरी सायकलस्वारांना विचारलं होतं की तुम्ही वळता कसे, आणि जे घडतं ते कुणालाच सांगता आलं नव्हतं.

चालत्या गाडीवर याचा अर्थ एवढाच: डावीकडे जायचं तर डावी मूठ हलकेच पुढे ढकला, उजवीकडे तर उजवी. मोकळ्या मैदानावर ताशी ३० ने करून बघा. गाडी किती आज्ञाधारकपणे कलते हे पाहून चकित व्हाल. ज्याला हे जाणीवपूर्वक येतं, तो घाटात गाडीशी झटापट करत नाही. दिवसाच्या शेवटी त्याचे खांदे भरून येत नाहीत, आणि वळण अचानक घट्ट झालं तर त्याच्याकडे उपाय असतो.

५. रस्ता निवडावा कसा

इथे थोडं रमणार आहे, कारण राइड रंगते किंवा फसते ती सर्वात आधी रस्त्यामुळे.

महाराष्ट्रात राहणारा मोटरसायकलस्वार भाग्यवान आहे आणि त्या भाग्याचं मूळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यात आहे. त्या लाव्ह्याचे थरावर थर साचून दख्खनचं पठार झालं. पुढे पश्चिमेची बाजू तुटलेल्या कड्यासारखी झाली आणि पूर्वेची बाजू हलक्या उताराची राहिली. म्हणून देशावरून कोकणात जाणारा जवळजवळ प्रत्येक रस्ता एकाच घडणीचा असतो. आधी पठारावरची लांब, पसरट वळणं. मग खिंड. मग एकदम खोल उतार आणि हेअरपिन वळणांची माळ. शेवटी कोकणातला नारळी-पोफळींमधला नागमोडी, छोट्या चढउतारांचा रस्ता.

ख्याल गायकीत आधी विलंबित येतं, मग द्रुत. गळा तापल्याशिवाय तानांना हात घालत नाहीत. सह्याद्रीच्या रस्त्यांनी हा क्रम आपोआप लावून दिलेला आहे. पुण्याहून ताम्हिणीच्या वाटेने निघालात की पिरंगुट, पौड करत शहर सुटतं, मग मुळशी धरणाच्या काठाकाठाने मोठी वळणं लागतात. टायर गरम होतात, हात मोकळे होतात, आणि तोवर घाट येतो. खाली विळे, निजामपूर, माणगाव. तिथून म्हसळ्याकडे वळलात की मुंबई-गोवा महामार्गाची गर्दी मागे पडते. दिवेआगरहून आरावीमार्गे श्रीवर्धनला जाणारा समुद्राकाठचा रस्ता हा माझ्या मते आपल्या किनाऱ्यावरच्या सर्वात सुंदर छोट्या रस्त्यांपैकी एक. तो घाईत करू नये. पुढे हरिहरेश्वर, आणि जवळच बागमांडल्याला गाडी फेरीबोटीत चढवून बाणकोटची खाडी ओलांडली की पलीकडे वेश्वी, रत्नागिरी जिल्हा. गाडीवरून उतरून काही मिनिटं नुसतं पाण्याकडे बघत उभं राहायचं, ही विश्रांती रस्त्यानेच दिलेली आहे. तशाच बोटी पुढे दाभोळ-धोपावे आणि तवसाळ-जयगडलाही आहेत. वेळ असेल तर किनारा धरून गणपतीपुळ्यापर्यंत जाता येतं.

सगळे घाट सारखे नाहीत. कराड-चिपळूण रस्त्यावरचा कुंभार्ली घाट, कोयनानगरच्या पुढचा, झाडीने भरलेला आहे, पण ट्रकही भरपूर. महाबळेश्वरहून प्रतापगडाजवळून पोलादपूरला उतरणारा आंबेनळी अरुंद आणि तीव्र. नवशिक्याने तो पहिलाच घाट म्हणून निवडू नये. भोर-महाड वाटेवरचा वरंध देखणा, मात्र पावसाळ्यात दरडींमुळे अनेकदा बंद असतो. निघण्याआधी चौकशी करावी. आंबोलीला पावसात इतकं धुकं उतरतं की पुढच्या गाडीचा मागचा लाल दिवाच तेवढा दिसतो.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकींना बंदी आहे. तिथे आपलं काहीही बुडालेलं नाही. सरळ, रुंद, वेगवान रस्ता मोटरसायकलच्या सुखासाठी बनलेलाच नसतो. नकाशात पाहताना मी अंतर सर्वात शेवटी बघतो. आधी बघतो रेषा किती वळते, ती कुठल्या नदीच्या किंवा डोंगराच्या कडेने जाते, आणि तिच्यावर मोठी औद्योगिक वसाहत आहे का. वसाहत असेल तर ट्रक, ट्रक म्हणजे सांडलेलं डिझेल आणि फुटलेल्या कडा.

६. नजर जाईल तिथे गाडी जाते

वळणात खड्डा दिसला, त्याच्याकडे टक लावून पाहिलं आणि बरोबर त्याच्यातच गेलो, हे प्रत्येकाच्या बाबतीत घडलेलं असतं. डोळे जिथे रोखले जातात तिथे हात गाडीला नेतात. म्हणून खड्डा दिसला की लगेच त्याच्या बाजूच्या चांगल्या डांबराकडे बघायचं.

पण आंधळ्या वळणात बघायचं कुठे? रस्त्याच्या दोन्ही कडा पुढे जिथे एकमेकींना मिळाल्यासारख्या दिसतात, तो बिंदू पकडा. तुम्ही पुढे जाताना तो बिंदू जागेवरच राहून तुमच्याजवळ येत असेल, तर वळण घट्ट होतंय, वेग कमी करा. तो तुमच्याच वेगाने पुढे सरकत असेल, तर आहे तो वेग ठीक. तो तुमच्यापासून पळू लागला, तर वळण उघडतंय, हलकेच ॲक्सिलरेटर द्या. एवढी एक खूण ओळखीची झाली की अनोळखी घाटही बोलू लागतो.

त्याला एक हिशोब जोडा. दिसतं तेवढ्या अंतरात थांबता आलं पाहिजे. संकट दिसून ब्रेक लागेपर्यंत दीड सेकंद धरू. ताशी ४० ला त्या दीड सेकंदात गाडी सुमारे १७ मीटर जाते आणि ब्रेक लागल्यावर आणखी १२ मीटर, म्हणजे सगळे मिळून २९. ताशी ६० ला तेच २५ आणि २८, म्हणजे ५३ मीटर. घाटातल्या वळणात पुढचा रस्ता कित्येकदा ३०-४० मीटरच दिसतो. वेग किती असावा, हे त्या आकड्यांतच आलं.

हेअरपिनवर एसटीला पूर्ण रस्ता लागतो. चालकाचा तो उद्धटपणा नसतो, तिची लांबीच तेवढी असते. अरुंद चढावर वर येणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हा आपल्याकडचा नियमच आहे. उतरताना बाजूला थांबा, तिला जाऊ द्या. आणि उतारावर इंजिन बंद करून किंवा न्यूट्रलमध्ये गाडी सोडू नका. ज्या गिअरमध्ये घाट चढता आला असता, त्याच गिअरमध्ये उतरा. अर्धं ब्रेकचं काम इंजिन करतं.

७. गाडी कोणती घ्यावी?

हा प्रश्न मला सर्वात जास्त विचारला जातो, आणि उत्तर सर्वात छोटं आहे: जी आहे ती. सपाट रस्त्यावर ताशी ६० ने जायला ढोबळमानाने तीन ते चार अश्वशक्ती पुरते, ९० ला आठ-नऊ, १२० ला वीसच्या आसपास. हवेचा अडथळा वेगाबरोबर झपाट्याने वाढतो, म्हणून शेवटचे ३० किलोमीटर इतके महाग पडतात. शंभर सीसीच्या साध्या गाडीत सुमारे आठ अश्वशक्ती असते. म्हणजे घाटातल्या झोक्यासाठी लागते त्याच्या दुप्पट. चढाला आणि मागे कुणी बसलं तर दीडशे ते साडेतीनशे सीसी आरामाची, त्याहून मोठी हौसेची.

इंजिनाचा ठेका मात्र प्रत्येकाची आवड. चारस्ट्रोक इंजिनात दोन फेऱ्यांमागे एकदा स्फोट होतो. एका सिलिंडरची गाडी मिनिटाला ३,००० फेऱ्यांवर असेल तर सेकंदाला २५ ठोके. त्या ठोक्यांवर मन लागतं, तसेच त्याच ठोक्यांनी हाताला मुंग्याही येतात. गाडी कुठल्या वेगाला सर्वात शांत चालते ते शोधा आणि दिवसभर त्या आसपास रहा.

८. वारा, ऊन आणि कान

थकवा मजा कशी खातो हे कळत नाही, कारण थकलेल्या माणसाला आपण थकलोय हेच उशिरा कळतं. वारा घाम लगेच सुकवतो, त्यामुळे घाम येत नाही असं वाटतं आणि पाणी प्यायचं राहून जातं. तासाभराने थांबून दोन-चार घोट पाणी घ्या, तहान नसली तरी. जेवणात मासे, सोलकढी अवश्य, पण भात बेताने. दुपारी अडीचच्या उन्हात पोटभर जेवून हँडल धरणं म्हणजे झोपेला बोलावणं.

ताशी शंभरच्या आसपास हेल्मेटच्या आत वाऱ्याचा आवाज ९० डेसिबलच्या वर जातो. दिवसभर तो कानात घुमला की संध्याकाळी डोकं जड होतं आणि माणूस विनाकारण चिडचिडा होतो. ७० ला तोच आवाज सुसह्य असतो. हळू चालवण्याचा हाही फायदा. हेल्मेट आयएसआय खुणेचं, पूर्ण चेहरा झाकणारं आणि पट्टा लावलेलं. मागे बसणाऱ्यालाही तसंच. कायद्यानेही दोघांना हेल्मेट सक्तीचंच आहे.

ऋतूंमध्ये मला सप्टेंबरअखेर ते फेब्रुवारी पसंत. सुरुवातीला घाट अजून हिरवा असतो, रानफुलं असतात, पाऊस ओसरलेला असतो. पावसाळ्यात जायचंच असेल तर पहिल्या पावसाचे दिवस टाळा. उन्हाळाभर साचलेलं तेल आणि धूळ पाण्यावर तरंगून रस्ता साबणासारखा होतो. चांगले दोन-चार पाऊस झाले की तो धुऊन निघतो. मग भीती उरते ती कडेच्या शेवाळाची आणि कोकणातल्या तांबड्या चिखलाची.

पुणेकरांना सूर्याची एक देणगी आहे. सकाळी कोकणात, म्हणजे पश्चिमेला जाताना सूर्य पाठीशी असतो. दुसऱ्या दिवशी दुपारनंतर परत पूर्वेला येतानाही तो पाठीशीच. डोळे दिपत नाहीत आणि समोरचा डोंगर उजळलेला दिसतो. पण याची दुसरी बाजू फार महत्त्वाची: त्या वेळी समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत थेट सूर्य असतो. तुम्हाला तो लख्ख दिसतो, त्याला तुम्ही दिसत नाही. अशा वेळी दिवा चालू, आणि समोरच्याने आपल्याला पाहिलंय असं कधीही धरून चालायचं नाही.

९. सोबत

मागे बसणाऱ्याला निघण्याआधी एकच गोष्ट सांगा: वळणात चालवणाऱ्याच्या खांद्यावरून, वळणाच्या बाजूने पुढे बघ. तेवढ्याने शरीर आपोआप गाडीबरोबर कलतं. घाबरून उलट बाजूला झुकलेला माणूस झोका मोडतो आणि गाडी हट्टी होते.

मित्रांबरोबर जाताना चार-पाच गाड्यांपेक्षा जास्त नकोत. पुढच्याला गाठण्याच्या नादात मागचा आपले शंभर रुपये दुसऱ्याच्या हिशोबाने खर्च करतो, आणि गटातले अपघात बहुधा असेच होतात. पुढचा चहा कुठे, एवढंच ठरवा. तिथपर्यंत प्रत्येकाने आपल्या चालीने यावं. सर्वात अनुभवी माणसाने शेवटी राहावं, पुढे नाही.

पहिल्यांदाच जाणार असाल तर दिवसाला दीडशे-पावणेदोनशे किलोमीटर पुष्कळ झाले. पहाटे साडेपाचला निघा, घाट नऊच्या आत उतरा, अंधार पडायच्या आत मुक्कामाला पोचा. आणि टायरमधली हवा आदल्या दिवशी घराजवळच, टायर थंड असताना तपासून घ्या. मागे कुणी बसणार असेल तर मागच्या चाकात किती जास्त भरायची, ते बऱ्याच गाड्यांच्या चेनच्या कव्हरवर लिहिलेलं असतं.